दिवाळीनंतरचा पट

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पुढे गेलेल्या समस्त खान्देशकरांना, आणि त्यातही शहादा तालुक्यातल्या आमच्या गावच्या १९८६च्या सातवीच्या बॅचला, खुले पत्र

मंडळी, राम राम.

परवा ग्रुपवर गेट-टुगेदरची तारीख पडली. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. माणशी दोन हजार वर्गणी, त्यात फेटे, जेवण, गुरुजींचा सत्कार आणि उरतील त्या पैशांतून शाळेला ५५ इंची टीव्ही. अंगठे पटापट पडले. मी काहीच टाकलं नाही म्हणून दोघांनी फोन केला, "काय रे, रुसला का?" रुसलो नाही. फोनवर धड सांगता आलं नाही ते इथे लिहितोय. उघड लिहितोय, कारण असे ग्रुप आता साक्रीपासून रावेरपर्यंत गावोगावी आहेत आणि सगळ्यांच्या टीव्हीची कंपनी तेवढी वेगळी असते.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा शाळेत डोकावलो होतो. मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. १९७९ साली पहिलीत ४१ नावं आहेत. आपल्या ग्रुपवर १९ जण आहेत. राहिले २२. त्यातले चार वारले. सात मुली सासरी गेल्या आणि त्यांचे नंबर कोणाकडे नाहीत (हे आपण किती सहज म्हणतो). उरलेले अकरा भिलाटीतले, म्हणजे गावच्या भिल्ल वस्तीतले. वारलेल्यांतले दोन आणि त्या मुलींतल्या तीन धरल्या तर भिलाटीतली एकूण सोळा नावं होतात. ग्रुपवर त्यातलं एकही नाही.

रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. आपल्यापुढे लिहिलंय, 'सातवी उत्तीर्ण'. त्या सोळांपैकी चौदांपुढे, कोणाच्या दुसरीत, कोणाच्या चौथीत, एकच शेरा आहे: 'सतत गैरहजर'. एकाच शाईने, एकाच वळणदार अक्षरात. आपण स्वतःला सातवीची बॅच म्हणवतो ते बरोबरच आहे म्हणा. पहिलीची बॅच म्हटलं असतं तर जेवणाची ताटं दुप्पट लागली असती.

म्हणून आधीच सांगतो, 'आमच्या वेळची शाळा काय होती!' असे गोडवे मी गाणार नाही. आमच्या वेळीही भिलाटीतली पोरं मागच्या तरटावर बसत. घरी भिली बोलणारं पोर पहिल्याच दिवशी मराठी पुस्तकापुढे बसायचं आणि गुरुजी म्हणायचे, "याला काही कळत नाही." माझ्याजवळ बसणारा पोरगा आमच्या सालदाराचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाखाली त्याच्या बापाचं साल ठरायचं, इतके पैसे, इतकी ज्वारी, एक जोडा. चौथीनंतर पोरगाही आमच्याच गोठ्यात आला, ढोरं वळायला. गोमाईच्या डोहात मला पोहायला शिकवलं ते त्याने. मला चौथीची स्कॉलरशिप मिळाली. पाढे माझ्याआधी त्याचे पाठ झाले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आपल्या तालुक्यात हे आकाशातून पडलेलं नाही. कोणाच्या नावावर किती जमीन आणि ती कशी आली, हे म्हाताऱ्यांना माहीत आहे. त्या गेलेल्या जमिनींसाठीच सत्तरच्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज उभे राहिले, शहाद्यात आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४चा. काही जमिनी परत मिळाल्या, बऱ्याच कोर्टात अडकल्या. पण त्या सगळ्या वैराच्या काळातही गावात एक जागा होती जिथे मालकाचं पोर आणि सालदाराचं पोर एकाच छपराखाली बसत होतं. मागे-पुढे बसत होतं, पण छप्पर एक होतं, आणि ते गळायला लागलं की दोघांच्याही डोक्यावर गळायचं.

माझं सगळं म्हणणं एवढ्या गळण्याभोवती आहे.

तुम्हाला आठवत असेल, पाचवीत असताना वादळात शाळेचे पत्रे उडाले. आठ दिवसांत नवे आले. कसे आले? सरपंचांचा नातू आपल्या वर्गात होता. पोलीस पाटलांची मुलगी सहावीत होती. गुरुजींची स्वतःची दोन मुलं त्याच शाळेत होती आणि गुरुजी गावातच, मारुतीच्या पारामागे राहत. सरपंच धोतर सावरत सकाळच्या एसटीने तालुक्याला गेले आणि अर्ज हातात घेऊन पंचायत समितीत बसून राहिले. भिलाटीतल्या बापांनी असा अर्ज दिला असता तर तो अजून टपालात असता. त्यांच्या पोरांना पत्रे मिळाले ते सरपंचांच्या नातवामुळे.

आज सरपंचांचा पणतू पिवळ्या बसने शहाद्याला जातो. पोलीस पाटलांची नात नंदुरबारला. शिक्षक चांगले आहेत, दोघेही, पण त्यांची मुलं शहरात शिकतात म्हणून तेही शहरातून ये-जा करतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही, कारण माझं पोरगं कुठे शिकलं ते तुम्हाला माहीतच आहे. धुळ्यात इंग्रजी माध्यम, मग दोन वर्षं नीटच्या क्लाससाठी लातूर. खोली, मेस, क्लास मिळून साडेचार लाख गेले. नीटमध्ये काही झालं नाही, फार्मसी करतोय. मी ते पैसे घालू शकलो, म्हणून त्याच्या अपयशालाही एक दुसरा दरवाजा होता.

आपण मुलं काढली, यात मला गुन्हा दिसत नाही. आईबाप पोरासाठी करतातच. पण मुलांबरोबर आपण आपला आवाजही काढून नेला, आणि तो कुठेच ठेवला नाही. खाजगी शाळेत फी भरतो म्हणून तिथे बोलत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल नाही म्हणून तिथे बोलत नाही. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असावे लागतात, त्यात निम्म्या बायका. नियम उत्तम आहे. पण आज आपल्या गावच्या समितीत सगळे पालक ऊसतोडीला जाणारे आहेत. दिवाळीनंतर समितीची बैठक घ्यायची तर बारडोलीला घ्यावी लागेल.

आता पटाचं गणित. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय, पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच वर्ग आणि दोन माणसं, हे कायद्यातच बसतं. आपण ज्या शाळांत मुलं घातली तिथे एका वर्गाला एक शिक्षक, शिवाय कॉम्प्युटरला वेगळा आणि पीटीला वेगळा. आपल्या शाळेतले दोघे मतदार याद्या करतात, सर्वेक्षणं करतात, रोज कुठल्या तरी पोर्टलवर कसली तरी माहिती भरतात आणि उरलेल्या वेळात सातही वर्ग शिकवतात. हे बघून आणखी दोन घरं मुलं काढतात. पट घटतो, पट घटला की पद घटतं, पद घटलं की आणखी मुलं जातात. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने तर सहावीपासूनच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच उडतं. आपल्या शाळेत सहावी-सातवी मिळून तेरा आहेत. आपण जिथून 'उत्तीर्ण' होऊन बाहेर पडलो तो वर्ग असा मिटतोय, आणि आपण त्याच्या भिंतीवर टीव्ही लावणार.

(टीव्हीवरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात बिल थकलं म्हणून शाळेची वीज कापली होती. ते बिल कोणी भरलं? शिक्षकांनी खिशातून. ग्रुपवर तो फोटो आला होता, खाली तीन रडके चेहरे पडले आणि मग गुड मॉर्निंग सुरू झालं.)

पट म्हणजे तरी काय? शिक्षकांची पदं ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि धरली जातात ती मुलं ज्यांचं आधार जुळलेलं आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं माहीत आहे ना? आपल्याच तालुक्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१०ला. पंतप्रधान आले होते, हेलिपॅड झालं होतं, आपल्यातले कितीतरी जण बघायला गेले होते. तारखांचा योग बघा, एक दिवसाचंच अंतर. त्याच तालुक्यातली पोरं आज वर्गात समोर बसलेली असतात, पण नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नाही म्हणून मोजायची राहतात. दाई घरी बाळंतपण करते तिथे जन्मतारीख कोणती सांगणार? 'पोळ्यानंतर, पाऊस होता,' एवढीच.

आणि ज्यांचं जुळतं त्यांचं काय होतं? ३० सप्टेंबरला पोर वर्गात असतं. मग दसरा, मग दिवाळी. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक भिलाटीच्या तोंडाशी लागतो. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यात खावटीला किंवा दवाखान्याला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी आणि पोरं ट्रकमध्ये चढतात आणि नवापूरवरून गुजरातेत, व्यारा, बारडोली, मढीकडे उतरतात. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते आणि दहा-अकरा वर्षांचा पोरगा मोळ्या बांधतो. तिथे शाळा असली तर गुजराती. परत येतात ते आखाजीच्या आसपास, तेव्हा इथे परीक्षा संपलेल्या असतात. पूर्वी पटावर 'सतत गैरहजर' लिहायचे. आता पटावरून नाव कमी करता येत नाही, म्हणून नाव राहतं आणि पोर जातं. एवढीच सुधारणा.

म्हणून म्हणतो, पट मोजायचाच तर जानेवारीत मोजा. सप्टेंबरात मोजला की कागदावर शाळा भरलेली दिसते आणि कोणालाच काही करावं लागत नाही.

या मुलांसाठी सरकारची योजना नाही असं नाही. हंगामी वसतिगृह आहे. नाव मोठं आहे, पण इमारत-बिमारत नसते. आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरं गावातच आजी-काकीकडे राहतात आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. मला विचाराल तर आपल्या भागासाठी याहून शहाणी योजना दुसरी नाही, कारण आईबापांची अडचण 'शाळा नको' ही नसतेच, 'खायला कोण घालील' ही असते. पण तिचा प्रस्ताव समितीने वेळेत करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो, यादी लागते, पाठपुरावा लागतो. आपल्या गावात एका वर्षी मंजुरी आली तेव्हा डिसेंबर निम्मा झाला होता. ट्रक जाऊन पाच आठवडे झाले होते. त्या वर्षी जेवणारं पोरच नव्हतं. पुढच्या वर्षी कोणी प्रस्तावच केला नाही. पोळ्याला भिलाटीतल्या एका आजीला विचारलं तर ती म्हणाली, "भाऊ, शाळा तं शे, पन पोरेसले खावाडनार कोन शे?"

दुसरी टूम समूह शाळेची. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे प्रस्ताव राज्याने मागवले. अशा जवळपास पंधरा हजार शाळा निघाल्या, त्यात १ लाख ८५ हजारांवर मुलं. उदाहरण म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या निवासी शाळेचं नाव पुढे केलं गेलं. तोरणमाळचं मी समजू शकतो. तिथे पाडे डोंगरात विखुरलेले आहेत, पावसाळ्यात नाले उतरता येत नाहीत, मुलांना एकत्र ठेवण्यात अर्थ असू शकतो. पण डोंगरावरचं औषध सपाटीवर कशाला? आपल्या गावापासून पुढचं गाव चार किलोमीटर, मध्ये उसाचे आणि केळीचे मळे, आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. सहा वर्षांच्या पोरीला तिथून कोण पाठवेल? कायदा पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी म्हणतो, तो उगाच नाही. गाडीची सोय करू म्हणतात. एसटीची जी फेरी बंद झाली ती तरी आधी सुरू करा, मग गाडीचं बोलू.

जळगाव-धुळ्याकडच्या मित्रांनी हे 'नंदुरबारचं दुखणं' म्हणून बाजूला ठेवू नये. आकडे आहेतच. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के आणि नंदुरबारची ६४.३८, राज्यात तळाला. २०१२च्या राज्य मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ आणि आपला ०.६०४, तोही तळाला. पण चाळीसगाव-पारोळ्यातूनही ऊसतोडीला माणसं जातातच, आणि यावल-चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पाड्यांत तडवी-पावरा पोरांचं हेच चाललंय. जळगावात सोन्याची पेढी बघायला बाहेरगावची माणसं येतात. त्याच शहरात रेल्वे रुळांच्या कडेला पालं ठोकून राहणाऱ्यांची पोरं कुठल्या पटावर आहेत, हे पेढीवरच्या कुणाला माहीत असेल?

खान्देशातला पैसा शाळेत गेलाच नाही असंही नाही. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठजींचा पैसा शाळेत गेला. ज्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं शिकवत होते आणि वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणं आवरत होते, ते हायस्कूल त्यातूनच वाढलं. शेठजींचा धंदा नफ्याचाच होता, त्यांना संत करायचं कारण नाही. पण त्या पैशाने सगळ्यांची शाळा मोठी झाली. आजचा पैसा 'इंटिग्रेटेड' कॉलेजात जातो, जिथे हजेरी एकीकडे आणि शिकवणी दुसरीकडे. आणि सरकारी खात्यावर काय आहे? गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. २२० दिवस शाळा भरली तर वर्षाचे २२०. तीस वर्षं लोटली तरी त्या रुपयाचे दोन झाले नव्हते. आपल्या एका फेट्याचं भाडं काय ठरलंय?

खाजगी शाळांतल्या गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के आरक्षणाबद्दलही कोणीतरी ग्रुपवर विचारलं होतं. जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ला रद्द केला. बरं झालं. पण ऑनलाइन अर्ज, उत्पन्नाचा दाखला, लॉटरी हे सगळं ज्याला जमतं तोच गरीब त्यातून पुढे जातो, आणि तोही गावातल्या शाळेतून एक बोलका बाप कमी करून. बारडोलीच्या फडातून अर्ज कोण भरणार?

तर मंडळी, वर्गणी मी अजून दिलेली नाही. माझं म्हणणं असं. तारीख बदला. गेट-टुगेदर दिवाळीनंतर नको, दसऱ्याआधी घ्या. ट्रक यायच्या आत. मी भिलाटीत जाऊन आलो, आपल्या बरोबरीचे अकराही जण दिवाळीपर्यंत गावात आहेत. माझा तो तरटावरचा सोबती अजून कोयता धरतो, पाठ वाकली आहे, त्याची नात दुसरीत आहे. फेटे बांधायचेच असतील तर त्यांनाही बांधा. आणि जेवण झालं की हॉलमध्ये गाणी म्हणत बसण्याऐवजी आपल्यातल्या ज्यांना कागद कळतात त्यांनी समितीच्या बायांबरोबर बसून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पूर्ण करायचा. ठराव, यादी, सह्या. दुसऱ्या दिवशी सोमवार आहे. आपल्यातले दोघे पंचायत समितीत ओळखीचे आहेत, एक वकील आहे, एकाची सोयरीक जिल्हा परिषदेत आहे. या ओळखी आपण सात-बाऱ्यासाठी आणि बदल्यांसाठी वापरतोच. मी रजा टाकली आहे. सरपंच गेले होते तसे जाऊ आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

मंजुरी यायला उशीर झाला तर मधले आठवडे आपण जेवण घालायचं. यादी माझ्याकडे आहे, सतरा पोरं, नऊ मुली आणि आठ मुलगे. टीव्हीच्या पैशांत त्यांचं दीड महिना सहज निघतं, मी किराणा दुकानातून भाव काढून आणलेत. स्वयंपाकाला दोन आज्या तयार आहेत. सहावी-सातवीच्या पदाबद्दलचं निवेदन वकिलाने लिहावं, त्याचं अक्षर खराब असलं तरी टाईप करता येतं.

कोण कोण येतंय ते गुरुवारपर्यंत कळवा. अंगठा नको, नाव लिहा.

तुमचा,
रोल नंबर चौदा